अलिबागची चुंबकीय वेधशाळा : एका अखंड नोंदीचा इतिहास

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत एप्रिल १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होते आहे. त्याआधी हीच नोंद मुंबईच्या कुलाब्यातील वेधशाळेत होत असे आणि तिथली सलग मालिका १८४६ पासूनची आहे. दोन्ही जोडून पाहिल्या म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून लांब अशी एकच नोंद हाती येते. इतक्या जुन्या आणि इतक्या सलग चुंबकीय नोंदी साऱ्या जगात मोजक्याच ठिकाणी आहेत.

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहिताना इमारती, मंजुऱ्या आणि उद्घाटने यांची जंत्री देण्याची रीत आहे. या वेधशाळेचा इतिहास तसा लिहिला तर दोन पानांत संपेल, कारण इथे नव्या इमारती फारशा उठल्या नाहीत आणि समारंभही फारसे झाले नाहीत. इथे झाले ते एकच काम, आणि ते रोज झाले. म्हणून हा इतिहास त्या कामाचा आणि सरकारी पगारावर ते निष्ठेने करणाऱ्या माणसांचा आहे. त्यांतली दोन माणसे या किनाऱ्याशी विशेष बांधलेली आहेत. एक इथून मुंबईच्या कुलाब्याला गेले, दुसऱ्यांनी मुंबईच्या कुलाब्याहून हे काम इथे आणले.

पहिले नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना. अलिबागच्या दक्षिणेला, नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या नागावात १८२५ साली त्यांचा जन्म झाला. आईवडील लहानपणीच गेले. मुंबईत राहणारे त्यांचे चुलते सदाशिव काशिनाथ, म्हणजे बापू छत्रे यांनी त्यांना वाढवले आणि शिकवले. मराठी वाचकाला बापू छत्रे माहीत आहेत ते 'बाळमित्र' आणि 'इसपनीति' या पुस्तकांमुळे. घरातल्या पोरक्या मुलाला आपले मानून इंग्रजी शाळेत घालणाऱ्या या चुलत्याचा वाटा आपल्या वेधशाळेच्या इतिहासातही मोठा आहे, आणि तो इथे आदराने नोंदवला पाहिजे. पुतण्या गणितात तेज निघाला. एल्फिन्स्टन संस्थेत शिकवणारे प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या नजरेत तो भरला, आणि १८४० च्या सुमारास, जेमतेम पंधरा वर्षांच्या वयात, केरूनाना कुलाब्याच्या वेधशाळेत महिना पन्नास रुपयांवर नोकरीला लागले.

ती वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली बांधली होती. बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ मिळावी आणि ताऱ्यांचे वेध घ्यावेत, हा मूळ हेतू. १८४० च्या आसपास युरोपात पृथ्वीच्या चुंबकत्वाचा जगभर एकाच वेळी अभ्यास करण्याची मोठी खटपट सुरू झाली. जर्मनीत गाउस यांनी मोजणीची रीत बसवून दिली होती, आणि इंग्रजांनी आपल्या वसाहतींत जागोजागी चुंबकीय वेधशाळा उघडल्या. कुलाब्यातही १८४१ पासून ऑर्लिबार यांच्या देखरेखीखाली चुंबकीय वेध सुरू झाले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडेही काही काळ या वेधशाळेची जबाबदारी होती. मराठीतले पहिले वृत्तपत्र काढणारा माणूस आणि नागावचा हा तरुण एकाच वेधशाळेच्या कामात होते, ही गोष्ट आपल्या शाळांतल्या मुलांना सांगण्यासारखी आहे.

त्या काळी नोंद डोळ्यांनी घ्यायची. टांगलेल्या चुंबकाला आरसा लावलेला असे, दुर्बिणीतून त्या आरशात दिसणारी मोजपट्टी वाचायची आणि आकडा वहीत उतरवायचा. तासाचा ठोका पडला की पुन्हा वाचायचे. रात्रही सुटत नसे. केरूनानांनी या वेधशाळेत सुमारे दहा वर्षे काढली. पुढे ते पुण्याला अध्यापक म्हणून गेले, गणित आणि पदार्थविज्ञान मराठीत आणले, १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ दिला आणि जुन्या पंचांगांतल्या चुका काढून आकाशाशी जुळणारे पंचांग सुरू करून दिले. त्यालाच आपण पटवर्धनी पंचांग म्हणतो. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. सूर्यावरचे डाग आणि पृथ्वीवरची हवा यांचा काही संबंध असावा, या प्रश्नाचाही त्यांनी पिच्छा पुरवला. ज्या माणसाने उमेदीची दहा वर्षे आकडे उतरवण्यात घालवली, त्याला आयुष्यभर आकड्यांचाच आधार वाटला. पंचांगातही त्यांनी तेच केले : परंपरा एकीकडे आणि आकाश दुसरीकडे दिसले, तेव्हा ते आकाशाच्या बाजूने उभे राहिले.

केरूनाना पुण्याला गेल्यानंतर काही वर्षांनी कुलाब्यात जी नोंद झाली तिने या संस्थेचे नाव जगात अजरामर केले. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक प्रखर लखलखाट पाहिला. दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर माणसाच्या माहितीतले सर्वांत मोठे चुंबकीय वादळ आले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बंद पडली, काही ठिकाणी त्यांतून ठिणग्या उडाल्या, आणि जिथे कधी दिसत नाहीत अशा दक्षिणेकडच्या भागांत ध्रुवीय प्रकाश दिसला. अनेक वेधशाळांमधली उपकरणे या धक्क्यात मोजपट्टीच्या बाहेर गेली. कुलाब्यात मात्र निरीक्षक जागेवर होते. वादळ चढू लागल्याचे दिसताच त्यांनी तासाची वाट न पाहता काही मिनिटांच्या अंतराने वाचने घेतली. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आडवा घटक तिथे सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याचे त्या वाचनांतून दिसते. आपल्या भागात हा घटक अडतीस हजारांच्या घरात असतो आणि एरवीचा दिवसभरातला चढउतार काही दशक नॅनोटेस्लांचाच असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या घसरणीचा आवाका कळतो. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील गुरबक्ष लखिना आणि शोभना अलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर याच आकड्यांवरून त्या वादळाचा आकार पुन्हा काढला. सौर वादळांवरच्या चर्चेत आजही तो आकडा माप म्हणून समोर ठेवला जातो. त्या दिवशी वहीवर हात चालवणाऱ्या निरीक्षकांच्या कामाला याहून मोठी पावती असू शकत नाही.

त्याच १८५९ साली नानाभाई फ्रामजी मूस यांचा जन्म झाला. आपल्या वेधशाळेचे जनक तेच. मुंबईच्या पारशी समाजातला हा तरुण अभियांत्रिकी शिकला, मग स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला जाऊन विज्ञानाची पदवी घेऊन आला आणि एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवू लागला. १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे संचालक चार्ल्स चेंबर्स वारले आणि मूस त्यांच्या जागी आले. कायमच्या नेमणुकीने त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. माणसे शहर सोडून पळत होती, वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या होत होत्या. कुलाब्यातली नोंद थांबली नाही.

नोंदीवर खरे संकट आले ते विजेचे. मुंबईत १८७४ पासून घोड्यांची ट्राम होती. नव्या शतकाच्या तोंडावर ती विजेवर चालवायचे ठरू लागले. तेव्हाची ट्राम एकदिश प्रवाहावर धावे. वरच्या तारेतून येणारी वीज रुळांतून परत जाई, आणि वाटेत तिचा काही भाग जमिनीत झिरपे. जमिनीतून असा प्रवाह वाहू लागला की त्याचे स्वतःचे चुंबकत्व तयार होते. शेजारी वेधशाळा असेल तर तिचा चुंबक पृथ्वीचे सांगायचे सोडून ट्रामचे सांगू लागतो. हे संकट जगभर होते. कॅनडात टोरंटोच्या वेधशाळेला शहर सोडून ॲजिनकोर्टला जावे लागले, लंडनजवळच्या क्यूचे चुंबकीय काम स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्यूरला गेले, ग्रिनिचचे पुढे ॲबिंजरला.

मूस यांनी शहराच्या वाटेत उभे राहण्याचा आग्रह धरला नाही. मुंबईला ट्राम हवी होती, ती मिळणारच होती. प्रश्न नोंद वाचवण्याचा होता. त्यांनी शोध घेऊन मुंबईच्या दक्षिण-आग्नेयेला तीसेक किलोमीटरवर, खाडी आणि समुद्र ओलांडून, अलिबागची जागा निवडली. कुलाब्याच्या इतकी जवळ की तिथले आणि इथले चुंबकत्व जवळपास सारखे वागावे, आणि इतकी लांब की ट्रामचा प्रवाह इथे पोचू नये. तेव्हाचे अलिबाग म्हणजे जिल्ह्याच्या कचेऱ्यांचे छोटे गाव. मुंबईला जायचे तर रेवस किंवा धरमतरहून बोट. कारखाना नाही, रेल्वे नाही. अलिबागला प्रवासी रेल्वे आली नाही ही आपली जुनी तक्रार आहे आणि ती खरीही आहे, पण वेधशाळेला इतकी वर्षे जे लाभले त्यात या तुटलेपणाचाही वाटा आहे, हे मानले पाहिजे.

जागा ठरल्यावर बांधकामाचा प्रश्न आला आणि तो साधा नव्हता. कोकणातला काळा दगड बेसाल्टचा. त्यात लोहयुक्त चुंबकीय खनिज असते, म्हणजे तो भिंतीत घालताच भिंतच चुंबकासारखी वागणार. म्हणून मूस यांनी काठेवाडातून पोरबंदरचा दगड आणवला, आणि तोही चुंबकाजवळ धरून तपासून मगच वापरला. लोखंड पूर्ण वर्ज्य. जिथे गवंड्याला आणि सुताराला सवयीने लोखंडी खिळा हवा असेल तिथे तांबे, पितळ आणि लाकूड. एका इमारतीत चुंबकत्वातला क्षणोक्षणीचा बदल सतत नोंदवायची सोय, आणि दुसऱ्या इमारतीत ठरावीक दिवशी त्याचे मूळ मोल प्रत्यक्ष मोजायची. पहिल्या इमारतीतली खोली अंधारी, जाड भिंतींची, बाहेरच्या ऊनपावसाचा आत फरक पडू नये अशी. आत बारीक धाग्याला टांगलेले चुंबक, त्यांच्या आरशांवर पडणारा दिव्याचा झोत आणि फिरत्या रुळावर गुंडाळलेला फोटोचा कागद. चुंबक हलला की कागदावर रेघ हले. शंभर वर्षांनंतरही या इमारती आपल्या कामाला नालायक ठरलेल्या नाहीत. सरकारी बांधकामाबद्दल असे किती वेळा म्हणता येते?

एवढे झाल्यावर कुणीही म्हटले असते की आता कुलाब्याला कुलूप लावा. मूस यांनी तसे केले नाही, आणि माझ्या मते त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. एप्रिल १९०४ ते मार्च १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी नोंद चालू ठेवली गेली. दुप्पट माणसे, दुप्पट हिशेब. पाहणाऱ्याला ते निव्वळ तेच ते काम वाटले असते. पण दोन्हीकडच्या आकड्यांची जोडी जमल्यामुळे इथल्या मोजणीत आणि तिथल्या मोजणीत नेमका किती फरक पडतो हे ठरले. तो फरक लावला की जुनी मालिका नव्या जागेतून तशीच पुढे चालू राहते. मुंबईत विजेची ट्राम धावली ७ मे १९०७ रोजी. तोपर्यंत हस्तांतराचे काम पुरे होऊन बसले होते. पुढच्या पिढीला नोंदीत फट सापडू नये म्हणून आजच्या पिढीने दोन वर्षे जास्तीचे राबावे, हा हिशेब करणारा अधिकारी विरळाच.

मग १९१० मध्ये त्यांचे दोन भागांतले मोठे काम छापून निघाले. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांची कुलाब्याची चुंबकीय आकडेवारी एका भागात, आणि तिची चर्चा दुसऱ्यात. चर्चेचा भाग आजही वाचण्यासारखा आहे. एकेक वादळ वेगळे पाहिले तर त्यात काही नियम दिसत नाही. मूस यांनी अनेक वादळांच्या सुरुवाती एकमेकींवर ठेवून त्यांची सरासरी काढली, तेव्हा वादळाचा सामाईक चेहरा दिसला : सुरुवातीला आडव्या घटकात उसळी, मग खोल घसरण, आणि त्यानंतर कित्येक दिवस चालणारी सावकाश भरपाई. वादळाचा हा भाग रोजच्या सूर्यावलंबी बदलातून वेगळा काढता येतो, हेही त्यांनी दाखवले. पुढच्या दशकात इंग्लंडच्या सिडनी चॅपमन यांनी चुंबकीय वादळांचे जे पायाभूत काम केले, त्याच वाटेवर मूस आधी चालून गेले होते. संगणक तर सोडाच, साधे गणनयंत्रही दुर्मीळ असलेल्या काळात साठ वर्षांच्या तासातासाच्या आकड्यांची ही चाळणी हाताने झाली. ती कारकुनांनी आणि सहायकांनी केली. मुखपृष्ठावर नाव मूस यांचे असले तरी तो ग्रंथ साऱ्या कचेरीचा आहे.

दोन दशकांहून अधिक काळ मूस त्या पदावर राहिले. त्यांच्यानंतर साहेब बदलले, सरकार बदलले, खाते बदलले. कुलाबा आणि अलिबाग आधीच भारतीय हवामान खात्याखाली आले होते. १९७१ मध्ये भूचुंबकत्वासाठी स्वतंत्र स्वायत्त संस्था झाली, ती भारतीय भूचुंबकत्व संस्था. तिचे मुख्यालय पुढे नवीन पनवेलला आले, म्हणजे ही संस्था आता सर्वार्थाने रायगड जिल्ह्याची आहे. फोटोच्या कागदाची जागा विजेवर चालणाऱ्या आणि आकडे थेट साठवणाऱ्या उपकरणांनी घेतली. अलिबागची नोंद 'इंटरमॅग्नेट' या जागतिक जाळ्यातून जगभरच्या संशोधकांपर्यंत पोचते.

या नोंदीचा उपयोग काय, असे गावातले लोक विचारतात. विचारायलाच हवे, कारण खर्च त्यांच्या करातून होतो. एक उदाहरण देतो. पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्तावर, शंभर-सव्वाशे किलोमीटर उंचीवर, दिवसा विजेचा एक प्रवाह पूर्वेकडे वाहतो. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते, त्यामुळे तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या उपकरणाला तो प्रवाह जाणवतो. अलिबागला तो पोचत नाही. तिरुनेलवेलीच्या आकड्यातून अलिबागचा आकडा वजा केला की त्या प्रवाहाची ताकद निघते. देशातले शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे हेच करत आले आहेत. हा प्रवाह ज्या थरात वाहतो त्यातूनच उपग्रहांकडून येणारे संदेश येतात, आणि मोबाइलवरचा नकाशाही त्यांवरच चालतो. दुसरे उदाहरण वादळांचे. मार्च १९८९ मध्ये चुंबकीय वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास बंद पाडली, साठ लाख लोक अंधारात राहिले. मे २०२४ च्या वादळात लडाखच्या आकाशात लाल प्रकाश दिसला. पुढचे मोठे वादळ केव्हा येईल हे कुणी सांगू शकत नाही. ते आले तर किती मोठे असू शकते, हे मात्र १८५९ च्या वहीमुळे सांगता येते.

अशा कामात घरच्या माणसांचा वाटा असतो आणि तो कुठल्याच अहवालात येत नाही. ज्या घरातला माणूस वेधशाळेत पाळीवर आहे त्या घराने त्याच्या वेळेप्रमाणे जेवण मांडले, गणपतीत आरती लवकर उरकली, लग्नकार्यात दुसऱ्याची पाळी त्याने घेतली तर राग धरला नाही. पृथ्वीचे चुंबकत्व दिवाळीची सुटी घेत नाही. पावसाळ्यात खारट वारा आणि कोसळता पाऊस असो, ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ असो, या किनाऱ्यावर काम करणाऱ्याला घर आणि कर्तव्य दोन्ही सांभाळावे लागते. बापू छत्र्यांनी पोरक्या पुतण्याला सांभाळले तेव्हापासून या इतिहासात घर आणि सेवा हे वेगळे कप्पे कधीच नव्हते. केरूनाना, मूस आणि त्यांच्या मागे आलेले कित्येक निरीक्षक, सहायक, शिपाई आणि पहारेकरी यांना आपण आज एकत्र स्मरतो, ते याच नात्याने.

या निमित्ताने अलिबागकरांना तीन विनंत्या कराव्याशा वाटतात. नागावच्या शाळेत केरूनानांचे चरित्र शिकवले जावे, आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी मुलांना परवानगी काढून वेधशाळेच्या आवारात आणावे. वेधशाळेच्या आसपास लोखंडाचे मोठे बांधकाम किंवा जड वाहनांचा तळ होऊ नये याची नगरपालिकेने आणि नागरिकांनी काळजी घ्यावी, कारण एका ट्राममुळे कुलाब्याची जागा सोडावी लागली होती आणि अलिबागलाही तेच संकट येऊ शकते. आणि नानाभाई मूस यांच्या नावाची एक पाटी गावात दिसेल अशा ठिकाणी लावावी. तिच्यावर फक्त एवढे लिहावे की एप्रिल १९०४ मध्ये त्यांनी इथे नोंद सुरू केली आणि ती अजून चालू आहे.